बाहीवरचा हात

(दुपार. वडिलांची कामाची खोली. टीव्हीवर एक जुना परभाषेतला चित्रपट मध्येच थांबवलेला. समोर त्यांची लेक आणि त्यांची विद्यार्थिनी.)

लेक: हे नवं सबटायटल बाबांचं नाही. त्या चित्रपटातली मुलगी पायऱ्या उतरताना काय म्हणते, वाच.

विद्यार्थिनी: "थांब ना गं जरा!"

लेक: आणि जुन्या डिस्कवर?

विद्यार्थिनी: "आले हं, आले!"

लेक: ती मी आहे. लहानपणी शाळेची रिक्षा आली की मी तसंच ओरडायची. बाबांनी उचलून सबटायटलमध्ये घातलं होतं. आणि "थांब ना गं जरा" कोण म्हणतं? सकाळपासून चारदा ऐकलंय मी.

विद्यार्थिनी: अय्या, मी म्हणते का असं?

लेक: मघाशी कुरियरवाल्यालासुद्धा म्हणालीस.

विद्यार्थिनी: ताई, खरंच, मी एक शब्द घातलेला नाही. म्हणजे, सर सांगायचे आणि मी टाइप करायची. वर्षभर आम्ही रोज दुपारी...

लेक: आम्ही. बरं.

विद्यार्थिनी: तुम्ही रागावलात.

लेक: छे. बाबांना जाऊन तीन महिने झाले, मी कुणावर रागावणार? कंपनी नवी डिस्क काढते आहे, बाबांची जुनी सबटायटलं घालायची की ही नवी, ते घरच्यांनी लिहून द्यायचं आहे. म्हणून नीट बघते आहे, इतकंच. धक्क्यावरचा प्रसंग लाव. आधी जुना.

विद्यार्थिनी: हा. तो बोटीत बसायला निघालाय. ती म्हणते, "सुखानं जा." नुसता चेहरा आहे, चित्राच्या कडा सगळ्या कापल्यात हो जुन्या डिस्कवाल्यांनी.

लेक: आता नवा.

विद्यार्थिनी: "सुखानं जा." इथे सरांनी काहीच बदललं नाही. चित्र बघा ना, काय साफ केलंय! पूर्ण रुंदी मिळाली पहिल्यांदा.

लेक: डाव्या कडेला बघ.

विद्यार्थिनी: काय आहे?

लेक: तिचा हात. त्याची बाही धरून ठेवली आहे तिनं. जुन्यात हे कापलं गेलं होतं. तोंडानं जा म्हणते आणि सोडत नाही. आणि खाली आपलं "सुखानं जा". चित्रात मागून मांजर गेलं तरी बाबा ओळ बदलायचे. त्यांना हा हात दिसला आणि त्यांनी ओळ तशीच ठेवली, असं सांगतेस मला?

विद्यार्थिनी: (रिमोट खाली ठेवते.)

लेक: बोल की.

विद्यार्थिनी: त्यांना नाही दिसला.

लेक: एवढा मोठा हात?

विद्यार्थिनी: ताई, त्यांना पडदाच दिसत नव्हता. दीड वर्ष. खिडकी उघडी आहे की बंद, तेवढं कळायचं. मी चित्र थांबवून सांगायची, कोण कुठे आहे, तोंड कसं केलंय. ते डोळे मिटून ऐकायचे, मग ओळ सांगायचे. हाताचं सांगायचं माझ्याकडून राहिलं. माझं लक्षच नव्हतं हो तिकडे.

लेक: दर रविवारी मला फोनवर सांगायचे, आज हे पाहिलं, काल ते पाहिलं.

विद्यार्थिनी: हो.

लेक: माझे मेल कोण वाचायचं?

विद्यार्थिनी: मी. मोठ्यानं.

लेक: सगळे?

विद्यार्थिनी: काही दोनदा.

लेक: मला का नाही कळवलंस?

विद्यार्थिनी: शपथ घातली होती. म्हणाले, ती नोकरी सोडून येईल.

लेक: आले असते.

विद्यार्थिनी: तेच नको होतं त्यांना.

लेक: आणि तू आलेली चाललं त्यांना.

विद्यार्थिनी: मी वरच्या मजल्यावर राहते, ताई. मला काही सोडावं लागलं नाही.

लेक: मी असते तर हात सांगितला असता. पहिल्या फटक्यात.

विद्यार्थिनी: सांगितला असता. मला माहीत आहे. थांबा, मी आत्ता ती ओळ बदलते, दोन मिनिटांचं काम आहे. मग तुम्हाला जुनी हवीत तर जुनी घाला.

लेक: हात लावू नकोस. नवीच जाऊ देत, आणि ही ओळ अशीच जाऊ दे.

विद्यार्थिनी: चुकीची?

लेक: हो. बघणाऱ्याला कळू दे, शेजारी बसलेलीचं लक्ष नव्हतं ते.

विद्यार्थिनी: मला चालेल. पण कळणार कसं? शेवटी नाव सरांचं एकट्याचं येतं. लोक म्हणतील, म्हातारपणी नजर गेली यांची.

लेक: (तोंड वळवून डोळे पुसते.)

विद्यार्थिनी: रडू नका ना, ताई.

लेक: रडत नाहीये. कंपनीचा तो कागद इकडे दे. सबटायटलं कुणाची, तिथे बाबांचं नाव आहे ना? त्याच्यापुढे तुझं लिही.

विद्यार्थिनी: माझं? शिक्षा म्हणून?

लेक: तोंडातून निघालं तेव्हा शिक्षा म्हणूनच निघालं होतं. लिही पटकन, माझं मन फिरायच्या आत.