गप्प बसण्याची ट्रायल

"बाहेर बसून दोघं मिळून ठरवा, मग आत या," असं डॉक्टरांनी सांगितल्यावर शिंपी आणि त्याची बायको आपल्या नंबराची वाट पाहणाऱ्या, पोस्टात काम करणाऱ्या एका बाईंशेजारी येऊन टेकले. बाईंनी स्वतःच्या फाईलमध्ये डोकं घातलं, कान मात्र तिकडेच.

"आता हेही आपणच ठरवायचं? मी गिऱ्हाइकाला विचारतो का, कात्री कुठून घालू म्हणून?"

"सैल हवं की घट्ट, ते विचारताच ना? त्यांनी तेवढंच विचारलंय."

"घशाचं ऑपरेशन केलं तर आवाज कायमचा जाणार."

"आणि नुसत्या रेडिएशननं आवाज बहुतेक राहील, पण कॅन्सर उलटायची भीती जास्त. मीही आतच होते."

"मग ऑपरेशन. तुझ्या कानांना तेवढाच आराम. चाळीस वर्षं माझी टकळी ऐकतेयस."

"माझ्या कानांनी तक्रार केली का तुमच्याकडे?"

"दुकानात बोलायला तू आहेसच."

"मी बोलले की गिऱ्हाईक परत येत नाही, असं तुम्हीच सगळ्यांना सांगता."

"होईल सवय."

"कापड पक्कं शिवायच्या आधी ट्रायल घेता ना? घ्या मग. पाच मिनिटं गप्प बसून दाखवा."

शिंपी गप्प बसला. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक बाईंना पहिल्यांदाच ऐकू आली.

"अहो."

शिंप्यानं घड्याळाकडे बोट दाखवलं. जेमतेम दीड मिनिट झालं होतं.

"पुरे झालं. बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही."

दार उघडून नर्सनं विचारलं, "काका, काय ठरलं?"

"हिला विचारा."

"मला कशाला? तोंड आहे ना तुम्हाला?"