मागच्या जिन्याचं कुलूप

बसा, सगळे बसा. पार्किंगमधल्या गाड्या काढून सतरंज्या टाकल्या आहेत, जागा पुरेल. मला बोलायला सांगितलं आहे. काय बोलायचं ते घरून ठरवून आले होते, पण समोर कुसुमचा फोटो पाहिला आणि त्यातलं काही उरलं नाही. रडूही येत नाही. दहा दिवस झाले, आलेलं नाही.

मी याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या विम्याच्या ऑफिसात नोकरी केली आणि तिथूनच रिटायर झाले. कुसुमचं शिवणकामाचं दुकान आमच्या दारासमोर. माहेर बाळापूरचं, बोलणं सरळसोट. पहिल्यांदा माझं माप घेताना म्हणाली, मॅडम, तुमी अकोल्याच्या कॉन्व्हेंटात शिकल्या ना, म्हणून श्वास धरून उभ्या राहता. सोडा तो, नाहीतर ब्लाउज तंग होईन. माझ्याशी असं बोलणारी ती एकटीच. बाकीचे घाबरायचे. बरोबरच करायचे.

आता मागच्या जिन्याचं सांगते. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगते.

त्या जिन्यात लोक थुंकायचे. ऑफिसात वास यायचा. तेव्हा भिंतीला देवांच्या चित्रांच्या टाइल्स लावा, ही सूचना कोणी केली? मी केली. टाइल्स लागल्या, थुंकणं थांबलं, माझं कौतुक झालं. मग कोणी टाइल्सपुढे उदबत्ती लावू लागलं. मग खाली, बाहेर पडायच्या दाराशीच, छोटं मंदिर झालं. मंदिरात कुत्री शिरतात म्हणून जाळीचं दार आलं. दार आलं म्हणून कुलूप आलं. किल्ली पूजा करणाऱ्या महाराजांकडे. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा, आरतीपुरतं उघडायचं. यात कोणाचा हेतू वाईट होता? कोणाचाच नाही. तेच मला गिळता येत नाही.

कुसुमनं तेव्हाच विचारलं होतं. "मॅडम, देवाले आत कोंडलं. उद्या काही झालं त आमी पळाचं कुठून?"

मी म्हणाले, तू तुझ्या काजा-बटणांकडे बघ. ती हसली आणि मशीन चालवू लागली.

दरवर्षी आगीची तपासणी झाली, बरं का. नगरपालिकेचे साहेब यायचे, मंदिराशी बूट काढायचे, हात जोडायचे, प्रसाद घ्यायचे. फॉर्मवर जिन्याबद्दल प्रश्न एकच. दुसरा जिना आहे काय? आहे. झाली खूण. तो फॉर्म मी नोकरीला लागले तेव्हाचा. तेव्हा ही इमारत दोनच मजल्यांची होती. आज चार मजले आहेत, दुकानादुकानात एसी आहे, वायरींचे झुबके लोंबतात, फॉर्म तोच. जिना उघडतो काय, हे कागद विचारत नाही. कागद विचारत नाही म्हणून साहेब विचारत नाहीत.

त्या दिवशी दुपारी तीनला खालच्या मीटरांनी पेट घेतला. पुढच्या जिन्यात धूर भरू लागला. कुसुमनं तिच्याकडे शिवणाऱ्या दोघींच्या तोंडाला ओलं कापड बांधलं आणि त्यांना पुढून उतरवलं. त्या वाचल्या. या इथे बसल्या आहेत. तिची पाळी येईपर्यंत पुढचा जिना गेला होता. मग ती मागच्या जिन्यानं उतरली. कुलूप आहे हे तिला माहीत होतं. तरी उतरली. दुसरीकडे कुठे जाणार होती?

जाळीशी सापडली. गळ्यात टेप तसाच होता. आरतीला तीन तास होते.

माझा ब्लाउज शिवून तयार होता. तिच्या मुलीनं परवा आणून दिला. मी घालून पाहिला. नीट बसला. श्वास सोडूनसुद्धा.

आत्ता इमारतीच्या सोसायटीचे अध्यक्ष, आपले भाऊ, म्हणाले, दैवापुढे इलाज नाही. भाऊ, दैवाला यात ओढू नका. टाइल्स माझ्या, जाळी तुमची, खूण साहेबांची. अग्निशमनवाल्यांनी ते कुलूप तोडलं होतं. काल मी मागे जाऊन आले. तिथे नवं कुलूप आहे. चकचकीत. मी भाऊंना विचारलं, हे काय? ते म्हणाले, "मॅडम, कुत्री येऊन राहिली ना."

साहेब, तुम्ही आलात, बरं केलंत. फॉर्ममध्ये एक ओळ घाला. कुलूप नाही ना, हे स्वतः त्या जिन्यानं उतरून पाहिलं काय? ती ओळ येईपर्यंत या गावातल्या एकाही दुकानी इमारतीच्या कागदावर खूण करू नका. देव पुढच्या दाराशी आणू. तिथे थुंकणारेही जास्त आहेत.

आता आपण उभं राहू. दोन मिनिटांची शांतता म्हणतात, मी घड्याळ लावणार नाही. महाराज, किल्ली तुमच्या कमरेला आहे. तुम्ही मागे जा आणि ते कुलूप काढा. जाळी उघडल्याचा आवाज इथपर्यंत येतो, मला ठाऊक आहे, मी वर्षानुवर्षं ऐकला आहे. तो येईपर्यंत कोणी बसायचं नाही.

जा महाराज.