कासमभाईंची मोटार आणि भाऊजींचा हात

माझ्या सोळा सोमवारांच्या उद्यापनाला आम्ही श्रीवर्धनहून हरिहरेश्वरला निघालो, तेव्हाची गंमत सांगते. टांगा कासमभाईंचा. तो विकून मोटार घ्यायचं त्यांच्या मनात होतं, आणि आमचे धाकटे भाऊजी तर मुंबईला मोटारीच्या कारखान्यातच.

"दादा, आता घेऊ की दिवाळीपर्यंत थांबू? नवी गाडी येतेय म्हणतात. कशी आहे?"

"शपथ घातलीय, कासमभाई. बोललो तर नोकरी जाईल."

"लोक म्हणतात, पाण्यावरही चालते!"

भाऊजी नुसते हसले. मी मनात म्हटलं, देवा, यांची शपथ राहू दे आणि कासमभाईंचंही भलं होऊ दे.

तेवढ्यात समोरून एक मोटार गेली, तेव्हाच्या मोटारींसारखीच उघडी, बाजूला काचा नसलेली. आतली माणसं लाल धुळीने माखलेली. धुळीचा लोट आमच्यावर आला, तसे भाऊजींनी डोळे मिटले आणि त्यांचा हात बाजूला गरागरा फिरू लागला, जात्याचा खुंटा फिरवावा तसा.

"हे काय हो, भाऊजी?"

"काच वर करतोय," म्हणाले, आणि जीभ चावली.

कासमभाई दाढीतल्या दाढीत हसले. "थांबतो मी दिवाळीपर्यंत."

"मी काही बोललो नाही हां!"

"छे, कुठे बोललात? फक्त ती काच नीट लावा, वहिनींच्या नैवेद्यावर धूळ येतेय."