पान बेचाळीस

कुरिअरच्या रांगेत माझ्यापुढे दोघे होते. विकली न गेलेली पुस्तकं परत आलेली. त्यांचा गठ्ठा काखेत मारून उभा होता तो प्रकाशक. ‘ब्लॉग कसा लिहावा’ हे शिकवणारं ते पुस्तक लिहिलेलं शेजारच्या दुसऱ्यानं, मास्तरांनी.

“मास्तर, पुस्तकात बटण डावीकडे, साइटवर उजवीकडे. दुकानदार मला शिव्या घालतात.”

“साइटवाले दर सहा महिन्यांनी सगळं हलवतात, दादा. मी काय करू?”

“नव्या आवृत्तीत सगळं दुरुस्त पाहिजे.”

“केलंय. फक्त बेचाळिसावं पान तसंच ठेवू या.”

“काय आहे त्यात?”

“निनावी प्रतिक्रिया कशी लिहायची, ते.”

“चालतं ते अजून?”

“नाही. आता नाव आपोआप दिसतं.”

“मग ठेवायचं कशाला?”

“एका निवृत्त गृहस्थांचं पत्र आलंय. मुलगी चार वर्षं त्यांच्याशी बोलत नाही. ते पान समोर ठेवून तिच्या ब्लॉगवर रोज दोन ओळी लिहितात. निनावी.”

“अहो, तिला नाव दिसतंय की! कळवलंत त्यांना?”

“कळवणार होतो. पण पत्रात खाली लिहिलंय, गेल्या आठवड्यापासून ती उत्तरं द्यायला लागली आहे.”

“हं.”

“आणि नवी आवृत्ती निघाली की पहिली प्रत त्यांना हवी आहे.”

“मास्तर, पान दुरुस्त करा.”

“दादा, अहो...”

“करा म्हणतो ना. त्यांना या गठ्ठ्यातली एक पाठवू. वर नवं कव्हर चढवतो.”