बैठकीआधी साखरपुडा

चहा घ्या, तोवर आमच्या ईशाचं सांगतो. माझी नात, लंडनच्या हाउन्सलोत वाढलेली, पण तिला अमेरिकेतलं एकच कॉलेज हवं होतं. तिथली एक रीत आहे. नोव्हेंबरात अर्ज करतानाच लिहून द्यायचं, घेतलंत तर तुमच्याकडेच येणार. फीला मदत किती करणार, ते कॉलेज होकार देतानाच सांगतं.

मी म्हटलं, "म्हणजे बैठक बसायच्या आधीच साखरपुडा."

डिसेंबरात होकार आला, पण मदत कमी पडत होती.

मुलगा म्हणाला, "अप्पा, परवडत नसेल तर सोडता येतं. तसा नियमच आहे."

ईशाचा चेहरा पडला.

मी तिला सांगितलं, "आपल्या घरात शब्द फिरवत नाहीत. लिही त्यांना, अजून द्या म्हणावं."

"आजोबा, कॉलेजशी बार्गेन नाही करत. सो एम्बॅरसिंग."

"लिही."

तिने बापाच्या पगाराचे कागद जोडून लिहिलं. त्यांनी मदत वाढवली. आता मजेत शिकते आहे तिकडे.

निघताना मला म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, शब्द फिरवत नाहीत? मग जास्त पैसे कसे मागायला लावलेत?"

म्हटलं, "येण्याचा शब्द दिला होतास. घासाघीस करणार नाही, असा कोणी दिला होता?"