कुंपणावरची लोकर

मोठ्या बाई: ...म्हणजे आतलं काढायचं, चिमण्यांची पेटी पुसून घ्यायची आणि उद्या प्रदर्शनात तीच मधोमध ठेवायची. मुलांनी इतकी सुंदर रंगवलीय, पाहुणे आधी तिच्यापाशीच थांबतील.

बाई: पाहुण्यांचं मला काही नाही हो. मुलांना काय सांगू?

मोठ्या बाई: उडाली म्हणून सांगा. चिमण्यांची पिल्लं, उडायचीच.

बाई: पंख कुठे पुरते फुटले होते त्यांना?

मोठ्या बाई: हे तुम्हाला ठाऊक. चौथीच्या पोरांना नाही.

बाई: पोरांनाच जास्त ठाऊक आहे. पेटीला खिडकीच्या बाजूनं काच आहे ना, रोज मधल्या सुट्टीत खिडकीला नाकं चिकटवून उभी असतात. डबे तसेच परत जातात, आयांच्या तक्रारी आल्यात माझ्याकडे. पिल्लांची नावंसुद्धा ठरलीत. एक हावरट, एक रडकं, आणि एक... जाऊ द्या.

मोठ्या बाई: सांगा की.

बाई: मोठ्या बाई. सगळ्यांत जास्त तेच ओरडायचं म्हणून.

मोठ्या बाई: हं. तेही गेलं?

बाई: तेही.

मोठ्या बाई: झालं तरी काय? माळीकाका म्हणाले, मांजर असणार.

बाई: मांजर नाही, लोकर. चित्रकलेच्या तासाला आपण कुंपणावर लोकरीचे तुकडे बांधले होते ना, पाखरांच्या घरट्याला रंग देऊ या म्हणून? चिमण्यांनी ते उचलून पेटीत नेले, अस्तर केलं त्यांचं. पिल्लं वाढत गेली आणि लोकर त्यांच्या पायांना आवळत गेली. एकाचा पाय पार काळा पडलाय. सकाळी मी आले तर एक भोकातून बाहेर लोंबत होतं. पेटी उतरवून बघितली, तर बाकीचीही गेलेली.

मोठ्या बाई: अरेरे.

बाई: आखूड कापले असते तर अडकले नसते. पण लांब लांब कापा, असं मीच सांगितलं होतं. घरट्यात रंग उठून दिसतील, मग त्याचं चित्र काढू, असं डोक्यात होतं माझ्या.

मोठ्या बाई: मुद्दाम थोडंच केलंत तुम्ही? हे बघा, या आवारात किती वर्षांत चिमणी फिरकली नव्हती. तुमच्या पेटीमुळे आली. मुलांना झाडापाखरांची गोडी लागावी म्हणून आपण हा उपक्रम सुरू केला. आता तुमच्याच हातून मेली, असं त्यांना सांगितलंत, तर पुन्हा कुठल्या पाखराच्या जवळ तरी जातील का ती? घाबरून लांब राहतील. मी मुलं बघितलीत, बाई. काही जणांच्या मनातून जात नाही असलं.

बाई: ते मलाही पटतं. तेच तर आहे.

मोठ्या बाई: आणि तुमची स्वतःची लेक आहे त्या वर्गात.

बाई: लोकर सगळ्यांत जास्त तिनंच आणली होती. लहानपणीचा तिचा पिवळा स्वेटर आम्ही दोघींनी बसून उसवला. मला टाकवत नव्हता, तर म्हटलं, चांगल्या कामी लागेल.

मोठ्या बाई: मग तिच्यासाठी तरी. उडाली. एवढंच बोला आणि विषय संपवा.

(मोठ्या बाई जातात. थोड्या वेळानं बाईंची लेक, बबडी, दप्तर घेऊन चित्रकलेच्या खोलीत येते.)

बबडी: आई, तू आज खिडकीला कागद का लावलास? कुणालाच काही दिसलं नाही. सगळे म्हणाले, बाईंनी उद्यासाठी काहीतरी गंमत लपवलीय. मला विचारत होते. मी म्हटलं, मला घरी काही सांगत नाही ती.

बाई: डबा संपवलास?

बबडी: संपवला. पिल्लं कुठेत?

बाई: उडाली.

बबडी: कधी?

बाई: सकाळी.

बबडी: सगळी?

बाई: हो, सगळी.

बबडी: रडकंपण? त्याला तर नीट उभंही राहता यायचं नाही. एक पाय पोटाशी घेऊन बसायचं. आम्ही म्हणायचो, लाडात आलंय.

बाई: त्यालाही जमलं.

बबडी: बघ. आणि तू म्हणत होतीस, अजून वेळ आहे. थांब हं, बस अजून सुटली नाही, चष्मेवालीला सांगून येते. ती आजच लोकर बांधणार आहे, तिच्या गच्चीवर. तिच्या आजीकडे पिशवी भरून आहे. तिच्या मामाकडेही चिमण्या आहेत, तिकडेपण नेणार आहे. मी तिला म्हटलं, आखूड कापू नकोस, आमच्या आईनं सांगितलंय...

बाई: बबडे, थांब.

बबडी: बस सुटेल ना.

बाई: सुटू दे. त्यांच्या घरी मी फोन करते. तू बस इथं.

बबडी: काय झालं?

बाई: पिल्लं उडाली नाहीत.

बबडी: मग?

बाई: मेली.

बबडी: मांजरानं खाल्ली?

बाई: नाही. लोकर अडकली त्यांच्या पायांत. आपण बांधलेली.

बबडी: कुठल्या रंगाची?

बाई: सगळ्या रंगांची होती गं.

बबडी: पिवळी होती?

बाई: होती.

बबडी: रडक्याच्या पायात?

बाई: हो.

बबडी: म्हणजे ते लाडात नव्हतं आलं.

बाई: नाही.

बबडी: मी हसले होते त्याला. सगळ्यांना बोलावून दाखवलं, बघा कसं नाटक करतंय.

बाई: तुला काय माहीत, बाळा.

बबडी: तुला माहीत होतं?

बाई: नाही.

बबडी: तू बाई आहेस ना पण? तुला माहीत पाहिजे.

बाई: पाहिजे होतं. विचारायला हवं होतं कुणाला तरी. नाही विचारलं.

बबडी: मग उडाली असं का म्हणालीस?

बाई: मोठ्या बाई म्हणाल्या, मुलांना वाईट वाटेल. आणि मलाही बरं वाटलं ते. तू रडशील, ते बघायचं नव्हतं मला.

बबडी: मी रडत नाहीये.

बाई: रड. चालेल.

बबडी: चष्मेवालीनं आज बांधली असती तर तिच्या गच्चीवरचीपण मेली असती. तिलापण तू उडाली म्हणाली असतीस.

बाई: उद्या पाहुणे यायच्या आधी वर्गाला खरं ते सांगणार आहे मी. मोठ्या बाई चिडल्या तरी. आणि कुंपणावरची उरलेली लोकर आत्ताच काढू या दोघी.

बबडी: सगळे तुझ्यावर चिडतील.

बाई: चिडू देत.

बबडी: कुणीच बोलणार नाही तुझ्याशी. माझ्याशीपण नाही.

बाई: तू बोलशील ना माझ्याशी?

बबडी: माहीत नाही.

बाई: बरं.

बबडी: मला बघायचीत ती.

बाई: नको, बबडे.

बबडी: तू बघितलीस ना?

बाई: ये इकडे. या रुमालात आहेत. हात नको लावूस.

बबडी: केवढीशी आहेत. खिडकीतून मोठी वाटायची.

बाई: हं.

बबडी: हे रडकं. सोडव ना त्याच्या पायातलं.

बाई: आता सोडवून काय होणार, बाळा?

बबडी: तरी सोडव. खूप घट्ट बसलंय ते.