पाठ केलेला तक्ता

नाही, थांबा, पुढची ओळ वाचू नका. तुम्ही तक्ता पाठ करून आलाय. मघाशी बाहेरच्या बाकावर बसून ओठ हलवत होतात, मला आरशात दिसलं. रागावलो नाही हो मी — गाडीच्या परवान्यासाठी डोळे तपासून घ्यायला येणारे दहातले चार जण हेच करतात. मग मी काय करतो, गुपचूप दुसरा तक्ता लावतो. हा बघा. आता वाचा. — नाही ना येत? असू द्या, लाज कसली. सत्तावीस वर्षं हेच करतोय, समोरचा वाचतोय की आठवतोय हे मला नुसत्या आवाजावरून कळतं. वाचणारा अडखळतो, आठवणारा सुसाट सुटतो. कुणालाही कळेल. आणि त्या लोकांना बारा आठवडे कळलं नाही.

कोणत्या म्हणजे? ते ऑनलाइनवाले. मला कॅन्सर झाला होता ना, आतड्याचा — सांगितलं नाही का मी? झाला होता. ऑपरेशन झालं, केमो झाली, शेवटच्या दिवशी नर्सबाईंनी फूल दिलं, डॉक्टर म्हणाले, आता मजेत राहा. मजेत कसलं राहतोय. रोज कुणीतरी नाडी धरत होतं, रक्त बघत होतं, तोवर धीर होता. उपचार संपले आणि मी घाबरायला मोकळा झालो. तर हॉस्पिटलनं फोनवर हे लावून दिलं — मनाला उभारी म्हणून. दर गुरुवारी व्हिडिओवर आम्ही सहा जण आणि एक ताई, माझ्या पुतणीपेक्षा लहान. शिवाय रोज सकाळी आठ प्रश्न. झोप लागली का, भीती वाटते का, शून्य ते दहात सांगा. पहिल्या आठवड्यात मी खरं लिहिलं. भीती दहा, झोप शून्य. झालं! त्यांनी फोन केला, पण मला नाही, आमच्या हिला — का, तर अडीअडचणीला म्हणून मीच तिचा नंबर दिलेला. ही शाळेत, चौथीच्या वर्गावर. तिला वाटलं, मी गेलोच. खडू हातात तसाच घेऊन धावत इथं आली, तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत बसून रडली, गिऱ्हाइकासमोर. दोन दिवस धड जेवली नाही. मी म्हटलं, पुरे. दुसऱ्या दिवसापासून भीती दोन, झोप आठ. भीती शून्य असं कधी लिहिलं नाही, संशय येतो. आठही उत्तरं पाठ — दात घासता घासता टाकून द्यायचो.

आणि त्यांना पटलं. फोनवर फुग्यांची चित्रं यायची, शाबासकीची. ताई म्हणायची, काका, तुमची प्रगती बघून बाकीच्यांना बळ येतं. त्या बाकीच्यांत एक पोस्टमन होते, मोठ्या मिशांचे. आवाज येतोय का, आवाज येतोय का, असं विचारण्यातच त्यांचा अर्धा वेळ जायचा. सातव्या गुरुवारी ते नव्हते. सहाचे पाच झाले की पडद्यावर उरलेल्यांचे चेहरे जरा मोठे दिसतात, एवढंच होतं. मी विचारलं, मिशीवाले कुठायत? तर म्हणाली, ते सांगता येत नाही काका, आपण श्वासाकडे लक्ष देऊ. दिलं लक्ष. मुकाट्यानं दिलं. तिची तरी काय चूक, तिच्यासमोर माझे दोन आणि आठ — पण अहो, एकदा, एकदा तरी तक्ता बदलायचा ना! काका, वाचताय की आठवताय, एवढंच विचारलं असतं तर मी तिथंच, त्या चौघांसमोर — जाऊ द्या. मागच्या महिन्यात प्रमाणपत्र आलं, कार्यक्रम यशस्वीपणे पूर्ण. हिनं फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलंय.

हे भिंग बरं की हे? — पहिलं? बरं. — हो, तिला वाटतं सगळं मिटलं. वाटणारच. परवाची तपासणीसुद्धा छान झाली असं सांगितलंय मी तिला. — कशी झाली म्हणजे? गेलोच नाही. हॉस्पिटलच्या दारापर्यंत गेलो, पायरीवर दोन तास बसलो, घरी येऊन म्हणालो, एकदम स्वच्छ आहे. तिनं शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून टाकलं, बहिणीला फोन केला. इतक्या महिन्यांनी हसताना बघितलं मी तिला, आता कुठल्या तोंडानं — तुम्ही तरी मला कशाला बोलायला लावलंत? त्यांनी नवी तारीख दिलीय. सोमवार, सकाळी अकरा. — मला माहितेय काय करायला हवं ते. तुम्ही नका सांगू. आणि असं बघू नका माझ्याकडे.

काढा ती चौकट नाकावरची. आज नंबर निघायचा नाही, डोळ्यांत पाणी असलं की अक्षरं फुटतात, मग भलताच चष्मा गळ्यात पडतो. हा घ्या कागद, पुसा. पुन्हा या. सोमवारी या. — हो, अकरालाच या. मी इथंच असेन.